पेनीचा पेपर कसा वाचावा : दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडची गावोगावची वर्तमानपत्रं

१९३६ च्या जुलैत मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत, विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावा जोडल्या. मर्चंट ११४, मुश्ताक ११२. आजूबाजूच्या गावांतल्या पेपरांनी हे कसं छापलं, एवढंच मला बघायचं होतं. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या संग्रहात शिरलो आणि शोधाच्या चौकटीत ‘मर्चंट’ टाइप केलं. विजयभाई राहिले बाजूलाच. कोळशाचे मर्चंट, धान्याचे मर्चंट, लाकडाचे मर्चंट, मासळीचे मर्चंट असे हजारो व्यापारी रांग लावून उभे राहिले. त्यातल्या एकाच्या शेजारी हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात होती, आणि खाली कुणा बाईंना घरी राहून सगळं काम करणारी, ‘सवयी चांगल्या असलेली’ मुलगी हवी होती. क्रिकेट विसरून तासभर ते एकच पान वाचत बसलो.

तेव्हापासून हा नाद लागला. नव्याने या वाटेला येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असं जे काही हाती लागलं, ते क्रमाने सांगतो.

आधी गाव ठरवा, विषय नंतर

इंग्रजीत ‘प्रॉव्हिन्शियल’ म्हणजे लंडनबाहेरचं सगळं. त्यामुळे जगभर नाव असलेलं ‘मँचेस्टर गार्डियन’सुद्धा त्या हिशोबाने प्रांतिकच. ढोबळमानाने तीन थर धरा. पहिला थर मोठ्या शहरांच्या सकाळच्या दैनिकांचा : लीड्सचं ‘यॉर्कशायर पोस्ट’, ‘बर्मिंगहॅम पोस्ट’, प्लिमथचं ‘वेस्टर्न मॉर्निंग न्यूज’, नॉरिचचं ‘ईस्टर्न डेली प्रेस’. दुसरा संध्याकाळच्या पेपरांचा : ‘लिव्हरपूल एको’, ‘हल डेली मेल’ वगैरे. कामगार घरी जाताना हे घ्यायचा. आणि तिसरा गावच्या साप्ताहिकांचा. जगाची बातमी पहिल्यात मिळते, पण माणसं तिसऱ्यात भेटतात.

नवख्याने साप्ताहिकापासून सुरुवात करावी, आणि मराठी वाचकाने लँकेशायरच्या कापडगावांपासून. बर्नली, नेल्सन, कोल्न (तिथले लोक ‘कोन’ म्हणतात), डार्वेन, अ‍ॅक्रिंग्टन. कारण सरळ आहे. या गावांच्या मागांवर विणलेलं कापड मुंबईच्या बंदरात उतरत होतं, आणि मुंबईने ते नाकारलं की इकडे माग थांबत होते. ‘नेल्सन लीडर’ किंवा ‘बर्नली एक्सप्रेस’चं पान उघडलं की आपण अगदीच परक्या घरात आलोय असं वाटत नाही.

मग एक आठवडा निवडा. कुठलाही चालेल, फक्त शक्यतो प्रसिद्ध नसलेला. आणि तो अंक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, जाहिरातींसकट. हे कंटाळवाणं वाटेल, पण चार-पाच अंक असे वाचल्याशिवाय पुढे शोध घेण्यात अर्थ नाही. साधी बाब कोणती आणि वेगळी कोणती, हे त्याशिवाय कळतच नाही.

पेपर मिळतात कुठे

ब्रिटिश लायब्ररीने एका खासगी कंपनीसोबत नोव्हेंबर २०११ मध्ये ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ सुरू केलं. शोध फुकट, पण बहुतेक पानं उघडायला वर्गणी लागते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी आधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. बऱ्याच ठिकाणी तिथे बसून हा संग्रह फुकट बघता येतो. गावच्या वाचनालयात स्थानिक पेपरची मायक्रोफिल्मही असते. भारतातून बघणाऱ्याने आधी फुकटच्या शोधातून तारखा आणि पानं टिपून यादी करावी, मग एकाच महिन्याची वर्गणी भरून सगळं उरकावं. मी उलटं केलं. वर्गणी भरली आणि मग काय शोधायचं याचा विचार करत बसलो. महिना जाहिराती वाचण्यात गेला.

एखाद्या पेपरचे मधले अंकच सापडले नाहीत तर स्वतःला दोष देऊ नका. लंडनच्या कॉलिंडेल भागातल्या वर्तमानपत्र-भांडारावर ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडला, आणि प्रांतिक पेपरांचे हजारो खंड त्यात गेले.

पहिल्या पानावर बातमी शोधू नका

बहुतेक जुन्या धाटणीच्या पेपरांत पहिलं पान छोट्या जाहिरातींचं असे. ‘मँचेस्टर गार्डियन’ने पहिल्या पानावर बातम्या आणल्या त्या १९५२ मध्ये. नवखा माणूस हे पान सोडून पुढे पळतो. पळू नका, गावाची नाडी इथेच सापडते.

जन्म, विवाह, मृत्यू यांचा रकाना आधी. त्याच्या शेजारी ‘स्मरणार्थ’चा रकाना, आणि तो नीट बघा. अ‍ॅक्रिंग्टनच्या स्वयंसेवकांची पलटण १ जुलै १९१६ ला पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईत उतरली. हल्ल्याला गेलेल्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, तेही अर्ध्या तासाच्या आसपास. अशा गावाचा जुलैच्या पहिल्या आठवड्यातला पेपर १९२० साली बघा, १९२५ साली बघा, १९३५ साली बघा. आई-वडील, बायको, ‘भाऊ आणि वहिनी’ यांच्या नावाने दोन-चार ओळी, कधी एखादी यमक जुळवलेली कविता. दरवर्षी कोण लिहितंय आणि कोण लिहायचं थांबलं, हे ओळीने बघत गेलं की युद्धाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक जे सांगत नाही ते कळतं.

मग नोकऱ्या. ‘कुक-जनरल’ म्हणजे स्वयंपाक आणि वरकाम दोन्ही करणारी बाई. ‘लिव्ह इन’ म्हणजे मालकाच्या घरी राहून, ‘डेली’ म्हणजे येऊन-जाऊन. कापडगावांत मात्र मुली मागावर जात; घरकामाला माणूस मिळत नाही ही तिथल्या सुखवस्तू बायकांची जुनी तक्रार. आणि मागाच्या जागा अचानक दिसेनाशा झाल्या तर समजा, गिरणी अडचणीत आहे. अग्रलेखाच्या आधी हे जाहिरातीत दिसतं.

पैशांचं कोष्टक पाठ करा

१२ पेन्स म्हणजे १ शिलिंग, २० शिलिंग म्हणजे १ पौंड, २१ शिलिंग म्हणजे १ गिनी. छापताना पौंड आधी, मग शिलिंग, मग पेन्स. आणि पेनीसाठी ‘पी’ नव्हे, ‘डी’ हे अक्षर, कारण रोमन ‘डिनॅरियस’. आपल्या आजोबांनी रुपये-आणे-पैंचे हिशोब केले, तसलंच हे प्रकरण. १९२७ पासून सरकारने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स असा बांधला होता. म्हणजे १ पौंड बरोबर १३ रुपये ५ आणे ४ पै.

आता हे वापरून बघा. १९३१ च्या शरदात सरकारने बेकारभत्ता कापला. एकट्या पुरुषाला आठवड्याला १७ शिलिंग मिळत ते १५ शिलिंग ३ पेन्स झाले. म्हणजे साधारण १० रुपये ३ आणे. त्याच काळात घरात रेडिओ ठेवायचा तर वर्षाचा परवाना १० शिलिंगचा, कुत्रा पाळायचा तर साडेसात शिलिंगचा. एवढे तीन आकडे डोक्यात ठेवले की ‘विनापरवाना रेडिओ, १० शिलिंग दंड’ अशी एका ओळीची बातमी वाचताना त्या घरात त्या आठवड्यात काय शिजलं असेल असा प्रश्न पडतो.

तारखांचीही एक गंमत आहे. बातमीत ‘१४ इन्स्टंट’ असेल तर चालू महिन्याची १४ तारीख, ‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याची, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे येत्या महिन्याची. हे शब्द तोडून तीन-चार अक्षरांत छापतात. यात चूक झाली की सगळी कालगणना महिन्याने सरकते. माझी सरकली आहे.

कोर्टाचा रकाना : इथे वेळ घालवा

स्थानिक पेपरचा खरा खजिना म्हणजे पोलीस कोर्टाच्या बातम्या. गावातले प्रतिष्ठित लोक बिनपगारी मॅजिस्ट्रेट म्हणून बसत : कारखानदार, डॉक्टर, निवृत्त मेजर. १९१९ च्या कायद्याने बायकांनाही हे पद खुलं झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी स्टेलीब्रिजच्या एडा समर्स यांनी पहिली महिला मॅजिस्ट्रेट म्हणून शपथ घेतली. तेव्हा १९२० च्या दशकातल्या बातम्यांत बाकावर कोण बसलं होतं, ही नावांची ओळ वगळू नका. गावातली सत्ता कुणाकडे होती, ते त्या ओळीत दिसतं.

मॅजिस्ट्रेटसमोर येणारी प्रकरणं तीच ती : दिवा न लावता सायकल चालवली, दारू पिऊन रस्त्यात आरडाओरडा केला, धूर ओकणारं धुराडं, शाळेत न पाठवलेलं पोर, दुधात पाणी. आरोपीचं नाव, वय, धंदा आणि राहती गल्ली सगळं छापलेलं. दंड पाच शिलिंग, पण खरी शिक्षा शुक्रवारच्या पेपरात नाव येणं. एखादा गडी मॅजिस्ट्रेटला गमतीदार उत्तर देतो, आणि बातमीदार कंसात लिहितो : ‘हशा’. हा कंसातला हशा कुणाच्या बाजूने आहे, याकडे लक्ष ठेवा. बहुतेक वेळा तो बाकाकडून खाली येतो.

दशक पालटलं की गुन्हेही पालटतात. १९३० च्या कायद्याने मोटारींची ताशी २० मैलांची मर्यादा उठवली, अपघात वाढले, मग १९३५ च्या मार्चमध्ये वस्तीत ३० मैलांची मर्यादा आली आणि जूनपासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. त्या वर्षीच्या कोर्टाच्या रकान्यात सायकलवाल्यांच्या शेजारी मोटारवाले दिसू लागतात, आणि पहिल्यांदाच बाकावरच्या लोकांचे स्नेहीसोबती खाली आरोपी म्हणून उभे राहतात. बातमीची भाषा लगेच मऊ होते, तेही बघण्यासारखं असतं.

गंभीर खटले वरच्या कोर्टात जात : तीन महिन्यांनी भरणारं ‘क्वार्टर सेशन्स’ आणि फिरत्या न्यायाधीशाचं ‘असाइझेस’. म्हणून एखादं प्रकरण गावच्या पेपरात मध्येच तुटलं तर काही आठवडे पुढे जाऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या पेपरात शोधा.

‘इन्क्वेस्ट’ म्हणजे अकस्मात मृत्यूची कॉरोनरपुढची चौकशी. जुन्या मुंबईकरांना कॉरोनर कोर्ट हा शब्द ऐकून ठाऊक असेल. आत्महत्या हा इंग्लंडात १९६१ पर्यंत गुन्हा होता. त्यामुळे पंचांच्या निकालात ‘मनाचा तोल गेला असताना’ अशा अर्थाचे शब्द वारंवार येतात. ते शब्द कुटुंबावरचा डाग टाळण्यासाठीही असत, ते वैद्यकीय निदान समजू नका. आणि या बातम्या आज वाचताना, त्या माणसांची नातवंडं हयात असतील याचं भान ठेवा. समाजमाध्यमांवर नावानिशी टाकण्याचा मोह आवरा.

लग्न, मयत आणि व्हिस्ट ड्राइव्ह

खेड्यांच्या बातम्या गावाच्या नावाखाली चार-चार ओळींत येतात. पाठवणारे बहुधा गावचे मास्तर, पोस्टमास्तर, चर्चचे कारभारी. मोबदला ओळींवर मिळे, म्हणून ओळी कधीकधी जरा लांबतात. ‘व्हिस्ट ड्राइव्ह’ म्हणजे पत्त्यांचा सामुदायिक डाव, चर्चच्या छपरासाठी किंवा क्रिकेट क्लबसाठी निधी जमवायला. ‘शाराबँक’ म्हणजे सहलीची लांबलचक उघडी मोटार. ‘वेक्स वीक’ हा कापडगावांचा वार्षिक सुट्टीचा आठवडा. प्रत्येक गावाचा वेगळा, सगळ्या गिरण्या एकदम बंद, आणि निम्मं गाव आगगाडीने ब्लॅकपूलला. या सुट्टीचा पगार मिळत नसे, म्हणून वर्षभर क्लबात शिलिंग-शिलिंग साठवायचे. त्या आठवड्यात तुमच्या गावची बातमी ब्लॅकपूलच्या पेपरात सापडली तर नवल नाही.

लग्नाच्या बातमीत नवरीच्या कापडाचा पोत, गुच्छातली फुलं आणि आहेरांची यादी मिळते. मयताच्या बातमीत उपस्थितांची यादी आणि पुष्पचक्रं कुणाची हे. मुंजीत कुणी काय आहेर केला ते वहीत लिहून ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे समजवायला नको! संशोधनाला या याद्या सोन्याच्या : कामगार संघटनेचं पुष्पचक्र आहे आणि मालकाचं नाही, यातून पुष्कळ कळतं.

एक मोठा घोळ मात्र लक्षात ठेवा. विवाहित बाई नवऱ्याच्या नावाने छापली जाते, म्हणजे ‘मिसेस’नंतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. तिचं स्वतःचं नाव शोधून ती सापडणार नाही. तिचा पत्ता शोधा, गल्लीचं नाव आणि घरक्रमांक. हा उपाय मला फार उशिरा सुचला. सुचल्यावर मात्र एकाच घरातली तीन माणसं तीन वेगवेगळ्या रकान्यांत भेटली.

जे छापलेलं नाही त्याचाही हिशोब ठेवा

१९२६ च्या कायद्याने घटस्फोटाच्या खटल्यांतला चविष्ट तपशील छापायला बंदी आली. त्यानंतर ते रकाने एकदम आटले म्हणून इंग्रज एकाएकी सुखाने नांदू लागले असा निष्कर्ष काढू नका. त्याच वर्षी मे महिन्यातल्या सार्वत्रिक संपात छापखान्याचे कामगारही उतरले होते. तेव्हाचे अंक एका पानाचे, कधी टंकलेखित, कधी नाहीतच.

पण गप्प बसण्याचा सगळ्यात मोठा नमुना १९३६ चा. राजा आठवा एडवर्ड आणि तो जिच्याशी लग्न करू पाहत होता ती अमेरिकन बाई मिसेस सिम्प्सन यांच्याबद्दल अमेरिकेत महिनोन्‌महिने छापून येत होतं, इंग्लंडात चकार शब्द नाही. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डचे बिशप ब्लंट आपल्या धर्मप्रांताच्या सभेत बोलले : राजाला ईश्वरी कृपेची गरज आहे, आणि त्याची जाणीव त्याने जरा जास्त दाखवली तर बरं, अशा अर्थाचं. त्यांचा रोख राजाच्या चर्चकडे पाठ फिरवण्यावर होता, हे त्यांनी नंतर सांगितलंही. पण २ डिसेंबरला आर्थर मान संपादक असलेल्या ‘यॉर्कशायर पोस्ट’ने आणि इतर काही प्रांतिक दैनिकांनी त्यावर लिहिलं, आणि मौन सुटलं. लंडनचे बडे पेपर बोलले ते ३ तारखेला. आठवडा-दीड आठवड्यात राजा गादीवरून उतरला. सराव म्हणून १, २ आणि ३ डिसेंबरचे लंडनचे आणि उत्तरेचे पेपर शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

मालक कोण, हेही विचारत जा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लॉर्ड रॉदरमियर आणि बेरी बंधू या बड्या पेपरमालकांनी गावोगावचे पेपर विकत घेण्याची शर्यत लावली. ब्रिस्टॉलमध्ये त्यात स्थानिक पेपर बंद पडू लागले, तेव्हा १९३२ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच भांडवल जमवून ‘इव्हिनिंग पोस्ट’ काढला. त्यामुळे दोन गावांच्या पेपरांत एकच अग्रलेख दिसला तर चकित होऊ नका, मालक एकच असेल.

आपली माणसं शोधताना

संग्रहातला मजकूर यंत्राने वाचलेला असतो. शाई पसरली, घडी पडली, की यंत्र काहीही वाचतं. त्यातून भारतीय नावांची स्पेलिंगं इंग्रज जुळाऱ्याने कानाला लागतील तशी लावलेली. गांधींच्या नावात ‘एच’ कधी ‘जी’ला चिकटतो, कधी ‘डी’ला, दोन्ही टाकून बघा. नायडू चार प्रकारे. सोलापूर ‘शोलापूर’ म्हणून, पुणं ‘पूना’ म्हणून.

सुरुवातीला या तीन ठिकाणी हात घाला. मे १९३० : सोलापूरचा लष्करी कायदा, वृत्तसंस्थांमुळे ही बातमी इंग्लंडच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेली, पण मथळे कुणी कसे दिले ते ताडून बघण्यात मजा आहे. डिसेंबर १९३० : १२ तारखेला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू गेले, त्या दिवसांतले कापडगावांचे पेपर ‘बॉयकॉट’ हा शब्द टाकून चाळा, आणि त्याच पानावरचे बंद गिरण्यांचे आकडेही बघा. आणि सप्टेंबर १९३१ चा शेवट : गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी डार्वेनजवळ स्प्रिंगवेलला मुक्कामाला होते. ज्यांचे माग बहिष्काराने थांबले त्याच कामगारांना ते भेटले. राष्ट्रीय पेपरांत एक छायाचित्र आणि चार ओळी मिळतील. स्थानिक साप्ताहिकात कोण भेटलं, कुणी काय विचारलं हे शोधा.

क्रिकेटवाल्यांनी लँकेशायर लीगचे, म्हणजे तिथल्या गावांच्या क्लबांमधल्या सामन्यांचे, रकाने धरावेत. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ नेल्सनकडून खेळला, त्याच दशकात अमरसिंग कोल्नकडून, आणि १९३८ ला नेल्सनने लाला अमरनाथला घेतलं.

आणि ओल्ड ट्रॅफर्डची ती सलामी हवी असेल, तर तारीख २७ ते २९ जुलै १९३६ एवढीच ठेवा, प्रांत लँकेशायर निवडा, आणि ‘मर्चंट’ नका टाकू. ‘मुश्ताक’ टाका. त्या नावाचा कोळशाचा व्यापारी निदान मला तरी अजून भेटलेला नाही.